फुलवाल्यानं लावलेलं लग्न

गोवर्धनभाऊंचा आवाज चांगला आहे, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. मंगलाष्टकाचा जो सूर ते पहिल्या ओळीला धरतात तो चौथ्या ओळीपर्यंत टिकेल याची खात्री नसते, आणि त्यांचं 'सावधान' ऐकून मांडवातली झोपलेली लेकरं दचकून उठतात. तरीही बार्शीटाकळीच्या आसपासच्या खेड्यांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथे पोरीचं लग्न ठरलं की आधी भाऊंना विचारतात आणि मग मांडववाल्याला.

मी वकील आहे. अकोल्याच्या कुटुंब न्यायालयात माझा दिवस जातो. माझा स्वभाव तुसडा आहे असं अशिलं म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. रोज मोडलेली लग्नं बघायची, त्यामुळे लग्न लावणाऱ्यांबद्दल मला फार जिव्हाळा उरलेला नाही. पोथी उघडायची, दक्षिणा घ्यायची आणि निघून जायचं, पुढचं सगळं निस्तरायला आम्ही बसलेलो आहोतच. गोवर्धनभाऊंबद्दल मात्र मला जिव्हाळा आहे, आणि तो का आहे ते सांगायला बसले आहे.

ते मूळचे फुलवाले. झेंडू, शेवंती आणि थोडा निशिगंध. फुलं ते लावतात, हार त्यांची बायको चंदाबाई गुंफतात. त्या भागात एक रीत आहे. लग्नाचे हार आधी कोणाच्या हाती द्यायचे नाहीत. ते ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवायचे, आणि अंतरपाट दूर झाला की फुलवाल्यानं स्वतः नवरीच्या आणि नवरदेवाच्या हातात द्यायचे. म्हणजे लग्न लागेपर्यंत फुलवाला अंतरपाटाशेजारी उभा. भटजींच्या खालोखाल लग्न जवळून बघणारा माणूस तोच. तरुणपणापासून उभं राहून राहून भाऊंना सगळी अष्टकं पाठ झाली होती, आणि कुठल्या भटजींना कुठली ओळ आठवत नाही हेही माहीत झालं होतं.

मग एका दाट तिथीला एका गुरुजींनी एकाच दुपारी नको तितकी लग्नं घेतली आणि एका मांडवात ते पोचलेच नाहीत. मुहूर्त टळायला आला, नवरदेवाचे मामा रुसायच्या बेतात आले. तेव्हा घरातला एक म्हातारा भाऊंना म्हणाला, "गोवर्धन, तुले येते न? मंग म्हन की." भाऊंनी टोपलं खाली ठेवलं आणि म्हटलं. लोकांनी ज्वारी उधळली. आमच्याकडे अक्षता म्हणजे रंगवलेली ज्वारीच. ते जोडपं सुखानं नांदलं, म्हणून पुढच्या घरानं बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. भाऊंनी एक पांढरी टोपी शिवून घेतली. कोणी 'गुरुजी' म्हटलं की त्यांची मान जरा ताठ होते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. चंदाबाई त्यावरून त्यांची मजा करतात. "गुरुजी, पानी आना," असं म्हणतात आणि ते खरंच आणून देतात.

लग्न लावायची त्यांची एक पद्धत आहे. ती कुठल्याही पोथीत नाही. अंतरपाट धरला की अष्टकं सुरू करण्याआधी ते नवरीच्या बाजूला जातात, वाकतात आणि हळूच विचारतात, "बाई, तुह्या मनानं होऊन राह्यलं न हे?" आणि थांबतात. पोरगी मान हलवेपर्यंत थांबतात. वाजंत्री वाजत असो, मामा घड्याळ दाखवत असोत, ते हलत नाहीत. मी एकदा त्यांना विचारलं की हे कुठून शिकलात. त्यांनी चंदाबाईंकडे बोट केलं. लग्न होऊन पुष्कळ वर्षं झाल्यावर, असंच हार गुंफताना, चंदाबाई बोलता बोलता म्हणाल्या होत्या की लग्नात मी रडत होते ते माहेरासाठी नव्हे, मला पुढची शाळा शिकायची होती. "तवा सांगितलं काहून नाही?" असं भाऊंनी विचारलं. "मले इचारलं कोनं होतं?" एवढंच त्या बोलल्या आणि पुढचं फूल ओवलं. भाऊ म्हणतात, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एका मांडवात एका पोरीनं मान हलवली नाही. भाऊंनी पुन्हा विचारलं, ती खाली बघत राहिली. भाऊ टोपल्याशी गेले, बाहेर काढून ठेवलेले दोन्ही हार पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळले आणि टोपल्याशेजारी मांडी घालून बसले. लोक अंगावर धावून आले, कोणीतरी त्यांची टोपी उडवली. भाऊ एकच वाक्य बोलत राहिले, "पोरगी नाही म्हन्ते." ते लग्न झालं नाही. पुढे वर्षभर त्या गावानं त्यांची फुलं घेतली नाहीत.

असा हा माणूस माझ्या कामात आला तो हर्षामुळे.

हर्षा त्यांच्याच शेजारच्या गावची, महादेवराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. नांदगाव खंडेश्वरकडच्या शेखरला दिलेली. लग्न भाऊंनी लावलं होतं. पुढे शेखरला पुण्यात नोकरी लागली, तो तिकडे एकटा राहिला, हर्षा सासूजवळ नांदगावला. एक मुलगी झाली, ती शाळेत जाऊ लागली. आणि मग शेखरला पुण्यातच कोणी भेटली. भेटली तर भेटली, सरळ घटस्फोट मागायचा. पण त्याला कोणा हुशार माणसानं सल्ला दिला की घटस्फोटाच्या भानगडीत कशाला पडतोस, तुझं लग्न झालेलंच नाही. लावणारा फुलवाला होता, त्याला ना अधिकार ना शिक्षण, आणि होमही पेटलेला नव्हता. लग्नाची नोंद करायची राहूनच गेली होती, आपल्याकडे बहुतेकांची राहते. तर त्यानं हर्षाला नोटीस पाठवली की तू माझी बायको नाहीस आणि कधी नव्हतीस.

ती नोटीस घेऊन हर्षा माझ्यासमोर बसली. रडली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, मंग मी इतके वर्सं त्या घरात कोन म्हनून होती?"

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पण ते न्यायालयाच्या तोंडून यायला हवं होतं. आपलं लग्न कायदेशीर आहे असं न्यायालयानं जाहीर करावं, असा दावा आम्ही लावला. कायदा तसा साधा आहे. लग्न लावणारा कोण असावा, काय शिकलेला असावा, कुठल्या जातीचा असावा, याबद्दल हिंदू विवाह कायद्यात एक अक्षर नाही. कायदा विचारतो ते एवढंच, की दोघांपैकी एकाच्या तरी घरच्या चालीरीतीप्रमाणे विधी झाले का. सप्तपदी त्या घरची रीत असेल तर ती अग्नीसमोर पूर्ण व्हायला हवी. रीत नसेल तर तिच्यावाचून अडत नाही. म्हणजे भाऊंच्या टोपीची मला काळजी नव्हती. काळजी होती त्या होमाची.

कारण तो खरंच विझवलेला होता. लग्न मे महिन्यातलं, महादेवरावांच्या अंगणातलं, आणि मांडवाला लागून गुरांच्या कुटाराचा, सुक्या भुश्याचा ढीग. लग्न लागलं, हार घातले गेले, मंगळसूत्र बांधलं. मग पोरांच्या हौसेखातर होम आणि फेरे करायचे ठरले होते, कारण हल्ली सगळे व्हिडिओत तसं बघतात. होम पेटवला आणि सोसाट्याच्या वाऱ्याचं वावधान सुटलं. ठिणग्या कुटाराकडे जाऊ लागल्या. भाऊंनी मागचा पुढचा विचार न करता कळशी उचलली आणि होमावर रिकामी केली. मग त्याच जागी आपलं फुलांचं टोपलं ठेवलं आणि पोरांना त्याच्याभोवती सात पावलं चालवलं. त्या वेळी सगळे हसले होते. नवरदेवही हसला होता.

साक्षीच्या आदल्या दिवशी महादेवराव भाऊंना घेऊन माझ्याकडे आले आणि माझ्यासमोरच त्यांना म्हणाले, "गोवर्धन, तू फक्त इस्तो पेटला होता म्हन. इझवला ते सांगू नोको. माह्या पोरीच्या जिंदगीचा सवाल आहे."

मी महादेवरावांना म्हटलं की हे मी ऐकलेलं नाही आणि पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही. भाऊंना म्हटलं, जे झालं ते सांगा. माझं कर्तव्य मी केलं. पण मनातून मला काय वाटत होतं ते विचारू नका. हर्षाचा चेहरा माझ्याही डोळ्यांसमोर होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ पांढरी टोपी घालून पिंजऱ्यात उभे राहिले. समोरचे वकील गोड बोलणारे. मला गोड बोलणारे वकील आवडत नाहीत. त्यांनी सुरुवातीलाच 'गुरुजी' म्हटलं आणि भाऊंची मान ताठ झाली. मी कपाळाला हात लावायची बाकी राहिले.

"गुरुजी, तुम्ही पुष्कळ लग्नं लावली आहेत. त्या दिवशी सप्तपदीच्या वेळी होम पेटलेला होता?"

भाऊंनी हर्षाकडे पाहिलं, मग महादेवरावांकडे. महादेवराव हात जोडून बसले होते.

"नव्हता," भाऊ म्हणाले. "पेटवला होता, मंग म्याच इझवला. वावधान सुटलं होतं, बाजूले कुटार होतं. मांडवात लेकरं होते."

"म्हणजे अग्नी नव्हता. तुमच्यासारख्या जाणकाराच्या मते अग्नीशिवाय सप्तपदी होते का?"

"नाही होत. तिले मी सप्तपदी म्हनत नाही. पोराईले म्हटलं, इस्तो नाही तर नाही, सात पावलं सोबत चाला."

"मग तुम्ही लग्न लावलं असं कसं म्हणता?"

भाऊ एरवी ज्या अभिमानानं 'माह्या हातचं लगन' असं सांगतात, तो मला माहीत होता. मला वाटलं आता हे फुशारकीत काहीतरी बोलणार आणि सगळं घालवणार. त्यांनी टोपी काढली आणि हातात धरली.

"म्या नाही लावलं, साहेब. म्या अष्टकं म्हटली आन् हार देल्ले. लगन त्या दोघाईनं केलं. पोरगी हो म्हनली, पोरगा हो म्हनला, लोकाईनं जवारी टाकली. मी कोनी गुरुजी नाही. फुलं इकतो."

समोरच्या वकिलांनी हसून कागद बंद केले. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. साक्ष देणाऱ्याला आपण कोणी नाही असं भर न्यायालयात सांगताना मी पुष्कळदा पाहिलं आहे, पण ते सुटायला. हा माणूस आपला वर्षानुवर्षांचा मोठेपणा एका पोरीसाठी स्वतःच्या हातानं उतरवून ठेवत होता, आणि तरीही एक खोटं वाक्य बोलायला तयार नव्हता. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्या पाया पडावं असंही वाटत होतं.

साक्ष संपल्यावर मी भाऊंबरोबर बाहेर व्हरांड्यात आले, तिथे शेखरची आई गोदाबाई बसल्या होत्या. त्या समोरच्या बाजूच्या साक्षीदार, म्हणून त्यांना आत बसू दिलं नव्हतं. भाऊ त्यांच्याच बाकावर जाऊन टेकले. जुनी ओळख, नातवंडाच्या बारशाला हार यांनीच नेले होते. भाऊंनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे केली.

"काय सांगितलं?" गोदाबाईंनी विचारलं.

"इस्तो इझवला म्हनून सांगितलं."

"तुमी त हर्षाकडून आले न?"

"तिच्याकडूनच आलो. पन झालं ते झालं. दुसरं काय सांगू?"

गोदाबाई पाणी प्यायल्या आणि बाटली परत दिली. त्यांची साक्ष पुढच्या तारखेला होती.

त्या तारखेला त्यांच्या सरतपासाच्या कागदात, म्हणजे आधी लिहून दिलेल्या साक्षीत, लिहिलेलं होतं की आमच्या घराण्यात होम आणि सप्तपदीशिवाय लग्न मानलं जात नाही. हर्षाच्या माहेरच्या रीतीला तिच्या वडिलांच्या शब्दापलीकडे पुरावा नव्हता, म्हणून सगळं त्या एका ओळीवर येऊन ठेपलं होतं. ती ओळ टिकली असती तर हर्षा बायको नव्हती आणि तिची लेक एका न झालेल्या लग्नाची होती. मी उलटतपासाला उठले. मला त्यांच्या घरची रीतच विचारायची होती, म्हणून मी सुरुवात त्यांच्यापासून केली.

"मावशी, तुमचं लग्न कोणी लावलं?"

त्यांनी शेखरकडे पाहिलं. तो डोळ्यांनी काहीतरी सांगत होता. त्यांनी नजर काढून घेतली.

"माह्या मामानं. भजनी मंडळात होता तो."

"होम होता?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. न्यायाधीशांनी प्रश्न समजला का, असं विचारलं.

"समजला," गोदाबाई म्हणाल्या. "होम नव्हता. फेरेही नव्हते. अंतरपाट, जवारी, माळा, डोरलं. माह्या सासूचंही तसंच, नणंदेचंही तसंच. त्या कागदावर होमाचं लिहेल आहे ते शेखरनं लिहून आनलं. म्या अंगठा देल्ला." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो फुलवाला आपल्याच बाजूच्या आंगावर येईन इतकं खरं बोलून गेला. मी त पोराची माय आहे. मी खोटं बोलली त नातीले काय तोंड दाखवू?"

समोरचे वकील उठू लागले. गोदाबाईंनी त्यांना हातानंच बसवलं आणि शेखरकडे वळल्या.

"सुनेचं लगन झालं नाही म्हन्तं, त मंग माह्यंही नाही झालं, बापू. मंग तू कोनाचा रे?"

मला पुढे एकही प्रश्न विचारायचा नव्हता. असं माझ्या वकिलीत फार वेळा झालेलं नाही.

निकालाच्या दिवशी भाऊ आणि चंदाबाई दोघंही आले होते. लग्न कायदेशीर आहे असं न्यायालयानं जाहीर केलं. बाहेर आल्यावर भाऊंनी विचारलं, "माह्याबद्दल काय लिहिलं?"

मी वाचून दाखवलं. 'लग्न लावणारी व्यक्ती त्यासाठी पात्र होती किंवा नव्हती, हा मुद्दा येथे गैरलागू आहे.'

"गैरलागू म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही असा किंवा नसा, कायद्याला फरक पडत नाही."

भाऊंचा चेहरा पडला. चंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "गुरुजी, घरी चला," म्हणाल्या. मलाही हसू आलं, आणि वाईटही वाटलं.

पण घरी जायला वेळ होता. महादेवरावांनी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी व्हरांड्यात गोळा केली होती. शेखरही होता, मान खाली घालून. पुण्यातलं प्रकरण संपलं म्हणत होता. झालं गेलं विसरून पोरीनं नांदायला जावं, असं सगळ्यांचं ठरलं होतं. महादेवरावांनी तर आदल्या दिवशीच भाऊंना दोन हार आणायला सांगून ठेवलं होतं. समोरच्या देवळात दोघांनी एकमेकांना पुन्हा हार घालायचे, की झालं. भाऊंनी टोपल्यातून ते काढलेही होते. निशिगंध आणि पिवळा झेंडू, सुंदर हार होते.

"गोवर्धन, तू लावलेलं लगन आहे," महादेवराव म्हणाले. "पोरगी तुह्यं आयकते. तू सांग तिले."

सगळे भाऊंकडे बघू लागले. मीही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं होतं की ते 'जाय बाई' म्हणतील. वडीलधारी माणसं दुसरं काय म्हणतात?

भाऊ हर्षाच्या बाजूला गेले. थोडे वाकले आणि हळूच, मला जेमतेम ऐकू येईल असं, त्यांनी विचारलं, "बाई, तुह्या मनानं होऊन राह्यलं न हे?"

आणि थांबले.

हर्षानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या दिवशी अंगणात, अंतरपाटामागे, तिनं या प्रश्नाला लाजून मान हलवली होती, ते तिनंच मला सांगितलं होतं. मनापासून हलवली होती, असंही सांगितलं होतं. महादेवराव काहीतरी बोलायला गेले, भाऊंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला. गोदाबाई नातीचा हात धरून भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी सुनेला एका शब्दानं काही म्हटलं नाही.

"नाही, काका," हर्षा म्हणाली. "मले सोडायचंच आहे. पन बायको म्हनून सोडायचं होतं."

शेखरच्या चुलत्यानं आवाज चढवला. महादेवराव भाऊंकडे रागानं बघत राहिले, माझ्याकडेही. उद्यापासून हर्षाच्या घटस्फोटाचे कागद मलाच करायचे होते आणि ते मी आनंदानं करणार होते.

भाऊंनी कोणाशी वाद घातला नाही. "पोरगी नाही म्हन्ते," एवढंच सांगितलं. मग टोपल्याशी बसले आणि दोन्ही हार पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळले.